लीयाआत्याचा गळका मांडव

कोजागिरीचा दिवस, दुपार. जागा : लातूर, बिराजदारांचं मुलींचं हॉस्टेल, तळमजला, मधला डक्ट. हजर : मी, उमरीचे डॉक्टर, गुडघ्यांमुळे खुर्चीत, सलीम मंडपवाला, आणि ज्यांचा क्लास नव्हता तेवढ्या हॉस्टेलच्या मुली. गैरहजर : लीयाआत्या. ती उन्हाळ्यात गेली. तिच्याशिवाय मांडव घालायची ही पहिलीच वेळ.

झालेली कामं : वेळू उभे केले, आडवे बांधले. रेणापूरहून उसाचे वाढे आले, ते वर पसरले. फळं टांगली. सरबतासाठी काळ्या मनुका भिजत घातल्या. राहिलेलं काम एकच आहे, पण ते माझ्या हातात नाही. बिराजदार येईपर्यंत थांबायचं आहे. नुसतं बसणं मला जमत नाही, म्हणून तोवर आत्याबद्दल लिहून घेते.

आधी आम्ही कोण ते. आम्ही बेने इस्राएल, म्हणजे मराठी बोलणारे ज्यू, मूळचे कोकणातले. मराठवाड्यात आम्हाला नोकऱ्यांनी आणलं. माझे वडील नांदेडला रेल्वेत होते. डॉक्टरांचा दवाखाना उमरीला. एक कुटुंब विष्णुपुरीला राहायचं. आणि वडिलांची चुलत बहीण लीयाआत्या लातूरला मुलींच्या शाळेत गणित शिकवायची. संपली जमात. आमच्या सामुदायिक प्रार्थनेला किमान दहा पुरुष लागतात. आम्ही बायका-मुलं धरून कसेबसे दहा भरायचो. त्यामुळे ती चिंता आम्ही फार पूर्वीच सोडून दिली होती आणि सण वाटून घेतले होते. नव्या वर्षाचा सण नांदेडला आमच्याकडे, कारण गव्हाच्या चिकाचा हलवा आईसारखा कुणाला जमत नसे. मलिद्याचा, म्हणजे गोड पोहे आणि फळांच्या नवसाचा कार्यक्रम विष्णुपुरीला. मोठ्या उपासाचा दिवस, ज्याला आमच्यात दारफाळणीचा सण म्हणतात, तो ज्याने त्याने आपापल्या घरी, दारं लावून. आणि मांडवाचा सण आत्याकडे, कारण अंगण फक्त तिच्याकडे होतं.

मांडवाचा सण पौर्णिमेला सुरू होतो. कधी तो गणपती उठतात त्या सुमाराला येतो, कधी कोजागिरीला. आमचे पूर्वज वाळवंटात झोपड्या घालून राहिले, त्याची आठवण म्हणून आठवडाभर मांडवात जेवायचं, जमलं तर झोपायचं. या मांडवाचे नियम आहेत. छप्पर झाडापासून तोडलेल्या पाल्याचंच हवं. कापड नाही, पत्रा नाही, ताडपत्री नाही. पाला इतका दाट हवा की दिवसा सावली पडेल, आणि इतका विरळ की रात्री चांदणी दिसेल. शेवटचं म्हणजे पाल्याच्या वर आणखी काही असता कामा नये. झाडाची फांदी नको, सज्जा नको. थेट आभाळ.

हा शेवटचा नियम आत्याने आयुष्यभर सांभाळला. बाकी नियमांच्या बाबतीत ती तशी सैल होती.

आत्या ठेंगणी, चालायला झपाट्याची. सुती साडी, पदर खोचलेला, बोटांना खडू. लग्न केलं नाही. आईने एकदा तिच्यासाठी पुण्याचं एक स्थळ आणलं होतं. फोटो दाखवत आई म्हणाली, "मुलगा सज्जन दिसतो गं." आत्याने फोटो परत दिला. "दिसतंय म्हणून सिद्ध होत नाही, वहिनी."

हे तिचं वर्गातलं वाक्य. भूमितीच्या तासाला एखादी मुलगी म्हणायची, बाई, हे दोन कोन समान आहेत. का? तर सारखेच दिसतात. की आत्याची पट्टी टेबलावर आपटायची. "आकृतीत दिसतंय म्हणून सिद्ध होत नाही! पायरी सांग, पायरी." पुढे पुढे ते वाक्य वर्गाबाहेर पडलं. भाजीवाला "बाई, वांगी ताजी दिसत न्हाईत का?" म्हणाला की त्यालाही तेच उत्तर मिळे. लातूरच्या दोन पिढ्यांतल्या बायका आजही नवऱ्यांना हे ऐकवतात, असं माझ्या कानावर आहे.

तिच्या लातूरच्या बिऱ्हाडाची सुरुवात एका शब्दाच्या गोंधळाने झाली. कोकणात आमची जुनी माणसं प्रार्थनाघराला मशीद म्हणायची. आमच्यापैकी कुणाला त्यात वावगं वाटत नसे. आत्या तोच शब्द घेऊन लातूरला आली. नोकरीला लागल्यावर थोड्याच दिवसांत तिने मुख्याध्यापिकांकडे रजा मागितली. "मुंबईला जायचंय. वडिलांच्या नावाने आमच्या मशिदीत प्रार्थना आहे." रजा मिळाली. कारकुनाने त्याच्या समजुतीप्रमाणे नोंद केली. रमजान आला तेव्हा आत्याला रोज लवकर घरी सोडायला लागले. तिला वाटलं, नव्या बाईंना सवलत असेल. ईदच्या दिवशी सगळा स्टाफ तिच्या खोलीवर हजर. "ईद मुबारक, बाई!"

"मग काय केलंस?" मी विचारलं होतं.

"शेवयांची खीर केली. घरी आलेल्या माणसांना परत पाठवायचं का?"

उलगडा झाला तो दारफाळणीची रजा मागायला गेली तेव्हा. कारकून म्हणाला, "बाई, तुमची ईद होऊन गेली की!"

"ती झाली. हा माझा सण आहे."

"मग ती ईद कुणाची होती?"

"मला काय माहीत? तुम्हीच दिली होती."

पण तोवर तिला घरही त्याच समजुतीवर मिळालेलं होतं. घर बिराजदारांचं, म्हणजे आताच्या बिराजदारांच्या वडिलांचं. पण गल्ली सगळी मुसलमान कुटुंबांची. शेजारी करीमभाई मंडपवाले, आताच्या सलीमचे वडील. त्यांच्या आईला अख्खी गल्ली अम्मी म्हणायची. गल्लीत कोण राहायला येतं याची चौकशी अम्मी स्वतः करायच्या. त्यांनी आत्याला ओट्यावर बसवून घेतलं.

"कौनसी मशीद में जाते तुम लोग?"

"मुंबईच्या."

"सुन्नी?"

"नाही."

"शिया?"

"नाही. आम्ही इस्राएल."

अम्मींनी पानाचा विडा एका गालातून दुसऱ्या गालात नेला. "हजरत मूसा के लोग?"

"हो."

"मुँह किधर करते दुआ को?"

"यरुशलेमकडे."

"हाव? पहले तो हमारा भी उधरीच था." आणि आतल्या सुनेला ओरडून सांगितलं, "चाय ला गे, अपनीच है."

लातूरहून मक्का काय आणि यरुशलेम काय, दोन्ही पश्चिमेलाच. त्यामुळे दोन्ही घरांचं तोंड एकाच भिंतीकडे असायचं. आत्याला हा योगायोग आवडायचा. त्यात तिने कधी याहून जास्त अर्थ शोधला नाही.

शनिवार हा आमचा विश्रांतीचा दिवस, शुक्रवारी सूर्य मावळला की सुरू होणारा. त्या दिवशी काम करायचं नाही, लिहायचंही नाही. आणि शनिवारी तर सकाळची शाळा. नोकरी सोडणं शक्य नव्हतं. आत्याने वाट काढली. शनिवारी ती शाळेत जायची, शिकवायची, पण खडूला हात लावायची नाही. सगळं तोंडी. मुलींनी तोंडी गणितं सोडवायची आणि फळ्यावर लिहायचं असेल तर ज्यांना पायरी पटली त्यांनी लिहायचं. मुली त्याला तोंडी शनवार म्हणायच्या. वर्षानुवर्षं शाळेत कुणालाच खरं कारण माहीत नव्हतं. एकदा एक साहेब तपासणीला आले, नेमके शनिवारी. मागच्या बाकावर बसून त्यांनी पूर्ण तास पाहिला आणि इतके खूश झाले की ही पद्धत सगळ्या शिक्षकांनी वापरावी असा शेरा लिहून गेले. बाकीचे शिक्षक आत्यावर चांगलेच चिडले. दोन शनिवार त्यांनी तोंडी शिकवून पाहिलं. मराठीचे सर म्हणाले, "बाई, तुमच्या पद्धतीनं आमचा घसा बसला. ही कुठं शिकलात?"

"सिनाई पर्वतावर," आत्या म्हणाली. शनिवार पाळायची आज्ञा आमच्या पूर्वजांना तिथे मिळाली.

सर बिचारे, ते कॉलेज कुठं आलं, विचारत राहिले.

मांडवाच्या वेळी तिचं आणि करीमभाईंचं दरवर्षी तेच भांडण व्हायचं. वेळू आणि सुतळी करीमभाईंची. बांधणीही त्यांचीच. वाढे पसरून झाले की ते खाली उतरायचे, कमरेवर हात ठेवून वर बघायचे आणि सुरू.

"टीचर, ह्याला मंडप म्हणायचं का? आतून आभाळ दिसून राहिलं!"

"दिसायलाच पाहिजे."

"लोक मंडप घालतात ऊन लागू नाही, पाणी लागू नाही म्हणून. तुमचा मंडप गळायसाठी घालायचा?"

"हो. गळणारच."

"एक चादर टाकतो ना वरून. लाल झालर हाय माझ्याकडं, लग्नातली. कुणाला सांगू नका."

"करीमभाई, चादर टाकली की तो मांडव राहत नाही."

"आन् पाणी आलं म्हणजे?"

"पाणी आलं की घरात जायचं. तसंच लिहिलंय."

करीमभाई मान हलवत निघायचे. "पैल्यांदाच ऐकलं. मंडपातून घरात जायचं!" जाताना मात्र खिरीचा डबा घेऊन जायचे.

पाऊस आला की घरात जायचं, हा खरंच नियम आहे. ताटात पाणी पडायला लागलं तर मांडवात बसून राहायची सक्ती नाही. आम्ही तो नियम कधी गंभीरपणे घेतला नव्हता. किल्लारीच्या भूकंपाच्या वर्षी तो आमच्यासमोर उभा राहिला.

त्या वर्षी गणपती उठले त्याच संध्याकाळी आमचा मांडव सुरू झाला. विसर्जनाच्या गर्दीमुळे आम्ही नांदेडहून नंतर निघणार होतो. पहाटे भूकंप झाला. नांदेडलाही भांडी वाजली, आम्ही बाहेर पळालो. उजाडल्यावर रेडिओवर लातूरचं नाव आलं. फोन लागत नव्हता. सणाच्या पहिल्या दिवशी प्रवास करायचा नसतो, पण जीव वाचवायचा असेल तेव्हा सगळं चालतं, असं म्हणून डॉक्टर उमरीहून जीप घेऊन आले. माझे आई-वडील, मी आणि औषधांची खोकी, असे आम्ही निघालो.

आत्या अंगणात होती. चूल मांडून चहा करत होती. घर उभं होतं, पण तिच्या खोलीची मागची दगड-मातीची भिंत आत पडली होती. एरवी जिथे तिची खाट असते बरोबर तिथे. त्या रात्री खाट मांडवात होती. बायकांना मांडवात झोपायची सक्ती नाही, पण पहिली रात्र आत्या हौसेने बाहेर काढायची.

आईने भिंत पाहिली आणि तोंडाला पदर लावला. "लीया, चमत्कारच गं हा. सणाने वाचवलं तुला."

आत्याने चहा गाळायचं थांबवलं. "वहिनी, पुन्हा असं म्हणू नका. तिकडे गावंच्या गावं झोपेत गेली. त्यांनी काय कमी केलं होतं? मी बाहेर होते कारण आत उकडत होतं. एवढंच."

त्यानंतर आमच्या घरात हा शब्द कुणी काढला नाही.

डॉक्टर तसेच किल्लारीकडे गेले. आम्ही अंगणात राहिलो. आम्हीच नव्हे, निम्मी गल्ली तिथे आली होती. लोकांना आपल्याच घरात पाय ठेवायची भीती वाटत होती. जमीन अधूनमधून अजून हलत होती. लिंबाखाली बसावं तर फांदी पडेल, भिंतीशी बसावं तर भिंत. अम्मी आत्याच्या खाटेवर बसल्या होत्या. त्यांनी वर पाल्याकडे बघून सगळ्यांना सांगितलं, "इधरीच बैठो. ये गिरा तो भी क्या गिरेगा सर पे? पत्ता."

गल्लीतलं सगळ्यात कच्चं छप्पर, म्हणून सगळ्यात भरवशाचं. लेकरं, म्हाताऱ्या, एक बाळंतीण, सगळी तिथेच. आत्याने पाण्याचं, स्वयंपाकाचं, शौचाला जाण्याचं वेळापत्रक लावलं. कामं वाटून द्यायची सवय मला तिथे लागली.

मग पाऊस सुरू झाला. साधी सर नव्हे, धरून लागलेला. पाल्यातून धारा लागल्या. करीमभाई मोठी ताडपत्री खांद्यावर टाकून आले. "टीचर, आज मी तुमचं ऐकणार न्हाई. लेकरं भिजून राहिलीत."

"मी काही बोलले का? टाका."

डॉक्टर तेवढ्यात किल्लारीकडून आले होते. चिखलाने भरलेले, डोळे लाल. आमच्यातले ते सगळ्यात कडक. त्यांनी ताडपत्री पाहिली आणि न राहवून बोलले, "लीया, असा मांडव चालत नाही."

"माहीत आहे."

"सणाचे दिवस अजून संपले नाहीत."

"डॉक्टर, पाऊस आला की घरात जायचं, असं लिहिलंय ना?"

"लिहिलंय."

"मग सांगा, घर कुठाय?"

 डॉक्टरांनी ताडपत्रीचं एक टोक धरलं आणि करीमभाईंच्या जोडीने ओढायला लागले. दोन दिवस ते काय पाहून आले होते ते त्यांनी कधी सांगितलं नाही, आणि त्या ताडपत्रीबद्दलही नंतर कधी काही बोलले नाहीत.

पण आत्याचं सणाचं जेवण राहिलं होतं. तिने ताट वाढून घेतलं, ताडपत्रीबाहेर गेली, उघड्यावर पाटावर बसली आणि आशीर्वाद म्हणून दोन घास खाल्ले. डोक्यावरून पाणी ओघळत होतं.

अम्मी ओरडल्या, "अगे दीवानी, बुखार आयेगा!" आणि स्वतः छत्री घेऊन तिच्या डोक्यावर धरायला गेल्या.

"अम्मी, छत्री पण चालत नाही."

"तुम्हारे अल्ला को छत्री से क्या दुश्मनी?"

आत्या इतकी हसली की ठसका लागला. सणाचे उरलेले दिवस तिने संध्याकाळी असेच दोन घास बाहेर खाल्ले. पाऊस असो वा नसो. ती म्हणायची, "मांडवात जेवले असं म्हणता येणार नाही. पण आभाळ मधे काही न येता मिळालं."

तो मांडव त्या वर्षी दिवाळी होऊन गेल्यावर काढला. तोवर लोक आपापल्या घरांत परतले होते.

पुढे लातूर बदललं ते सगळ्यांना माहीत आहे. निकाल गाजले, गावोगावची मुलं शिकायला यायला लागली. गल्लीत आधी क्लासची पाटी आली, मग मेस, झेरॉक्स, पाण्याचे जार. कौलं गेली, मजले चढले. आत्या निवृत्त झाली. क्लासवाले तिच्याकडे आले. एकाने गाडी पाठवायची तयारी दाखवली. आत्याने एकच विचारलं, "शनिवारी सुट्टी?" तो म्हणाला, "बाई, शनिवारी तर टेस्ट असते." बोलणं तिथेच संपलं.

अम्मी गेल्या. करीमभाई गेले. विष्णुपुरीचं कुटुंब इस्राएलला गेलं. माझे आई-वडील गेले. मांडवात मी, डॉक्टर आणि आत्या एवढेच उरलो. वेळू आता सलीम आणायचा. त्याने लाल झालरीचा विषय एकदाही काढला नाही आणि आत्याला त्याचं थोडं वाईटच वाटलं.

मग धाकट्या बिराजदारांनी घर पाडून हॉस्टेल बांधायचं ठरवलं. माणूस वाईट नाही. आत्याला म्हणाले, "मावशी, तुम्हाला कुठं जायची गरज न्हाई. तळमजल्यावर तुमची खोली राहील, अटॅच्ड."

"अंगण?"

"अंगण कुठलं आता? मधे हवेसाठी डक्ट राहील."

"केवढा?"

बिराजदारांनी हात पसरून दाखवला. आत्याने मान हलवली. "एवढ्यात माझा मांडव बसत नाही. मोठा कर. आणि वर झाकायचा नाही. आभाळ उघडं पाहिजे."

"मावशी, तेवढ्या जागेत प्रत्येक मजल्यावर खाटा बसतात हो."

"मी तुझ्या मुलींना रोज संध्याकाळी गणित सांगते. फुकट. तू पाटीवर लिही."

बिराजदारांनी विचार केला आणि नकाशा बदलून घेतला. हॉस्टेलच्या पाटीवर 'निवासी गणित मार्गदर्शन' असं लिहून आलं. आत्याने पेंटरला परत बोलावून खाली बारीक अक्षरात 'शुक्रवार संध्याकाळ व शनिवार सोडून' हेही लिहून घेतलं. ती पाटी अजून आहे.

अशा रीतीने मांडव डक्टच्या तळाशी आला. तिन्ही बाजूंना मुलींच्या खिडक्या आणि वर आभाळाचा चौकोन. अडचण एकच. मुली खिडक्यांमधून दोऱ्या बांधून त्यावर कपडे वाळत घालायच्या. मांडवाच्या वर कपडे म्हणजे छपरावर छप्पर. चालत नाही. त्यामुळे सणाच्या दिवसांत रोज दिवेलागणीला आत्या डक्टमध्ये उभी राहून ताटलीवर चमचा वाजवायची.

"मुलींनो, कपडे काढा!"

वरून कुणी म्हणायची, "आज्जी, जीन्स वाळली न्हाई अजून!"

"उद्याच्या पेपरला ओली जीन्स चालते. काढ."

"आज्जी, एकच ओढणी हाय. आरपार दिसतंय तिच्यातून."

मग आत्याचं ठरलेलं उत्तर, आणि सगळ्या खिडक्यांतून एका सुरात त्याची नक्कल. देगलूरची कीर्ती नक्कल करण्यात पटाईत. तीच पुढे आत्याची सगळ्यात लाडकी झाली, कारण ती उत्तर चुकायची पण पायरी कधी गाळायची नाही.

गेल्या वर्षीचा मांडव तिचा शेवटचा. आत्याला खाली बसता येत नव्हतं. सलीमने प्लास्टिकची खुर्ची आणून ठेवली. आम्ही सरबत घेतलं, डॉक्टरांनी प्रार्थना म्हटली. आवाज दमला होता. संध्याकाळ होत आली, मला नांदेडची बस गाठायची होती. आत्याने चमचा उचलला आणि वर पाहिलं. दोऱ्या रिकाम्या होत्या. न सांगता. तिने चमचा खाली ठेवला, थोडी नाराज झाल्यासारखी. ओरडायची संधी गेली होती.

मी पिशवी घेऊन दारापर्यंत गेले आणि मागे वळून पाहिलं. ताट मांडीवर, मान पूर्ण मागे टाकलेली. वाढ्यांच्या फटीतून पहिली चांदणी शोधत होती. तेवढ्यात तिसऱ्या मजल्यावरून कीर्तीने कसलं तरी गणित ओरडून विचारलं. आत्याने मान न हलवता, चांदणीवरची नजर न काढता, ओरडून सांगितलं, "साइन नाही गं, कॉस! पायरी बघ!"

ते मला झालेलं तिचं शेवटचं दर्शन. उन्हाळ्यात झोपेत गेली.

यंदा पावसाळ्यात डक्टमधून पाणी येऊन व्हरांडा भरला. मुली घसरायला लागल्या. आता विचारणारं कुणी नव्हतं, म्हणून बिराजदारांनी गच्चीवर डक्टच्या तोंडाला फायबरची शीट ठोकून घेतली. मला आज सकाळी इथे आल्यावर कळलं. बिराजदार उदगीरला आहेत, गच्चीची किल्ली त्यांच्याजवळ. फोनवर म्हणाले, "निघालोच ताई. काढू की, त्यात काय." तेव्हापासून ते निघालेलेच आहेत.

मघाशी कीर्ती खाली आली. प्रवेश परीक्षेचा वर्षभराचा क्लास ती यंदा दुसऱ्यांदा करते आहे. ती वर बघून मला म्हणाली, "ताई, शीट पारदर्शक हाय की. आभाळ तर दिसून राहिलं..."

आणि बोलता बोलता थांबली. डॉक्टरांनी तिच्याकडे पाहिलं. खिडक्यांतल्या मुलींनी पाहिलं. कुणी नक्कल केली नाही.

"चार बोल्ट हायत," कीर्ती म्हणाली. "मी वरच्या खिडकीतून मोजले." आणि सलीमकडे वळली. "भैया, पाना आणलाय का?"

सलीमने पाना आणलेला आहे. शिडी आहे. सूर्य मावळायला अजून वेळ आहे. गच्चीची किल्ली आलेली नाही. शीट काढायची राहिली आहे.